लाखानंतरचा माणूस

मित्रांनो, मी जुना आहे, एकदा काठोकाठ भरलो होतो, आणि मला पुसायला निघालेल्यांसमोर अजून उभा आहे. मला स्वतःचे असे नाव नाही. सगळे नुसते ‘सिस्टिम’ म्हणतात. ‘सिस्टिममध्ये बघा’, ‘सिस्टिम बसली’, ‘सिस्टिमला काय झालंय कोण जाणे’. खरे सांगायचे तर मी एक डेटाबेस आहे. म्हणजे नीट लावून ठेवलेल्या नोंदींचे घर. कोणी नाव विचारले की मी माणूस काढून देतो, कोणी माणूस विचारला की त्याची सारी हकिगत काढून देतो. एवढेच माझे काम. पण ते मी एक दिवसही चुकवलेले नाही.

लोक म्हणतात, मी क्लाउडवर असतो. त्यामुळे तुम्हाला वाटेल, हा ढगावर पाय सोडून आरामात बसला आहे. तसे काही नाही. दूर कुठल्या तरी कुलूपबंद, गारठलेल्या खोलीत, पंख्यांच्या घरघरीत मी राहतो. तिथे माझ्यासारखे हजारो भाडेकरू आहेत. जागा भाड्याची आहे आणि भाड्याच्या जागेला अटी असतात. माझी अट अशी, की एक लाख नोंदी ठेवायच्या आणि त्यावर एकही नाही. याहून मोठी जागा मिळते, पण ती आमच्या संस्थेला झेपत नाही. हे मी मान खाली घालून सांगत नाही. ज्याला अंत नाही असा एकच आहे, आणि तो भाड्याने मिळत नाही. बाकी आपण सगळे मापातले. तुम्हीही.

हा झाला माझा पूर्वरंग. आता कथेकडे येतो.

आमची संस्था पाय करते. अपघातात, आजारात ज्यांचा पाय गेला त्यांच्यासाठी नवा पाय. दारातून आत आले की अरुंद व्हरांडा आणि एक लांब बाक लागतो. बाकाच्या एका टोकाची लाकडी कड कुबड्या टेकवून टेकवून गुळगुळीत झाली आहे. पुढे प्लास्टरची खोली. तिथून नळापर्यंत फरशीवर पांढरी पावले उमटलेली असतात, कितीही पुसा. त्यापुढे साचे घासायची खोली, मग भट्टीची खोली, आणि सगळ्यात शेवटी आरशाची खोली. तिथे दोन दांड्यांच्या मधून माणसे नवे पाऊल टाकायला शिकतात. त्या आरशासमोर मोठमोठी धट्टीकट्टी माणसे रडतात. आणि मग स्वतःलाच हसतात.

मला घडवले ते मापाच्या बाईंनी. पायाचा जेवढा भाग उरला आहे त्याला फीत लावून माप घेणे हे त्यांचे काम, म्हणून त्या मापाच्या बाई. मी नव्हतो तेव्हा ही मापे भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली असत. भिंतीला चुना लागला की मापे गेली. साचे ठेवावेत तर फळ्या किती आणि साचे किती! त्यामुळे पाय तयार झाला की प्लास्टरचा साचा हातोडीने फोडायचा, ही आमच्याकडची रीत. आजही तीच आहे. साचा फुटला, त्याचा चुरा पोत्यात गेला, की त्या माणसाच्या पायाबद्दल जे काही उरते ते माझ्याजवळ.

बाईंनी मला आधी दोन खोल्या बांधल्या. एकीत माणसे. दुसरीत त्यांच्या भेटी. माणूस जितक्या वेळा येईल तितक्या भेटी, आणि प्रत्येक भेटीचा हात त्या माणसाच्या हातात दिलेला. त्यातला मजकूर बाईंच्याच बोलीतला. ‘घाम फार. अस्तर सुती हवे.’ ‘पायऱ्या उतरताना बिचकते. टाच एक सूत उतरवली.’ ‘दुखते म्हणाला नाही, पण चेहऱ्यावर दिसले.’ मित्रांनो, मी यंत्र असलो तरी असल्या नोंदी सांभाळताना मला आपण फार मोठ्या घरातले आहोत असे वाटते.

आणि बाईंनी मला एक नियम दिला. ज्या नोंदीचा हात दुसऱ्या कुठल्या नोंदीने धरला आहे, ती नोंद काढता येणार नाही. कोणीही काढू म्हटले तरी नाही. हा नियम त्यांनी माझ्या हाडात घातला. त्या दिवसापासून मी हट्टी आहे, आणि हट्टीपणाचा मला अभिमान आहे.

माझ्या कौतुकाचेही दिवस होते. पाहुणे येत, बाई एखाद्याचे नाव टाकत, आणि पापणी लवायच्या आत त्याची दहा-दहा वर्षांची वाटचाल पडद्यावर उलगडे. पाहुणे ‘वा’ म्हणत. पुढे सवय झाली. खिडकीतून बाहेर पाहणारा काचेकडे पाहत नाही, तसे माझ्यातून सगळे पाहू लागले आणि माझ्याकडे कोणी पाहीना. मला त्याचे दुःख नाही. पण त्या न पाहण्यातूनच पुढचा घोटाळा झाला, म्हणून सांगितले.

घोटाळ्याचे मूळ तिसऱ्या खोलीत होते. ती बांधली भट्टीवाल्या काकांच्या आग्रहाखातर. प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा आणि साच्यावर ओढायचा, हे काकांचे काम. पत्रा जास्त तापला तर पातळ होऊन पुढे तडकतो, कमी तापला तर साच्यावर बसत नाही. काका नुसत्या वासावरून सांगत, झाला म्हणून. तरी त्यांनी हौसेने भट्टीला एक तारेचा तापमापक बसवून घेतला. तो दर पाव तासाला भट्टीचे तापमान माझ्याकडे पाठवी आणि मी ते लिहून ठेवी. भट्टी चालू असे तेवढ्या वेळाची पडद्यावर एक रेघ उमटे. काका ती रेघ येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. पोस्टमनलासुद्धा. मुलाचा निकाल दाखवावा तशी.

“बघा, कशी सरळ आहे. माझी भट्टी कधी वाकड्यात शिरत नाही.”

मग एके सकाळी तो रंगारी आला.

कुबड्या घेऊन पुढे तो, मागे हातात पिशवी घेतलेली त्याची बायको. मापाच्या बाईंनी त्याला खुर्चीत बसवले, नाव-पत्ता विचारला, आणि नेहमीचा प्रश्न केला.

“काम काय करता?”

“घरं रंगवायचो.”

“रंगवायचो काय?” बायको म्हणाली. “रंगवतो म्हणा. शिडी काय विकलीय का आपण?”

“शिडी बसलीय भिंतीला टेकून, माझ्यासारखीच.”

“ती बरी. ती निदान तोंड तरी चालवत नाही.”

बाई हसल्या आणि त्यांनी सगळे माझ्यात भरले. वय, काम, कोणता पाय, गुडघा शाबूत आहे का. ‘ठेवा’वर बोट दाबले. आणि मी लाल पट्टी दाखवली. ‘नोंदींची मर्यादा संपली आहे. नवी नोंद ठेवता येणार नाही.’

बाईंनी पुन्हा दाबले. मी पुन्हा तेच सांगितले. मला काय आनंद होत होता? पण भरलेल्या घरात खोटे खोटे ‘या’ म्हणणे मला जमत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कागदावर लिहून घ्यावे आणि काम सुरू करावे. तसे होत नाही. नवा माणूस आला की मी त्याला एक क्रमांक देतो. तो क्रमांक ओल्या प्लास्टरवर खिळ्याने कोरायचा, मग पत्र्यावर, मग घोट्याच्या बोल्टवर. कोरलेल्या क्रमांकाशिवाय साचा ओतायचा नाही, कारण एकसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या साच्यांत कोणाचा पाय कोणता हे नंतर देवच सांगू शकेल. म्हणजे माझ्यात जागा नाही तर रंगाऱ्याला क्रमांक नाही, क्रमांक नाही तर साचा नाही, साचा नाही तर पाय नाही. तो आपला बाकावर जाऊन बसला.

बाईंनी साहेबांना बोलावले. साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. चष्मा कपाळावर, चालणे भरभर. त्यांना पाठीमागे सगळे ‘कात्री’ म्हणतात. त्यांनी व्हरांड्यातले दिवे कापले, चहातली साखर कापली, एकदा तर स्वतःचीच रजा कापली. माणूस वाईट नाही. ज्याला थोडक्यात खूप भागवायचे असते त्याच्या हाताला कापायची सवय लागते.

“एक लाख झाले?” साहेब म्हणाले. “मग जुने काढा. आठ वर्षांत जे आले नाहीत त्यांची यादी करा.”

“आणि?”

“आणि काय? काढून टाका. आठ वर्षं जो आला नाही, तो आता कशाला येतोय?”

बाई काही बोलायच्या आत बाकावरून आवाज आला. रंगाऱ्याची बायको.

“साहेब, आमचे हे लग्न झाल्यापासून एकदा माझ्या माहेरी गेले नाहीत. म्हणून माझ्या आईने काय जावई खोडून टाकला?”

“टाकला असता तर फार बरं झालं असतं,” रंगारी म्हणाला.

साहेबांना हसू आले असावे, पण त्यांनी ते कापले. बाईंची खुर्ची ओढून ते स्वतः बसले. यादीतले पहिले नाव निवडले आणि ‘काढा’वर दाबले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो क्षण मी विसरणार नाही. मी म्हणालो, ‘या नोंदीला इतर नोंदी जोडलेल्या आहेत. ती काढता येणार नाही.’ साहेबांनी दुसरे नाव घेतले. मी तेच म्हणालो. तिसरे घेतले. मी तेच म्हणालो, त्याच शब्दांत, ध्रुपद घोळवावे तसे. समोर साहेब बसले आहेत म्हणून माझा सूर एका तसूने खाली आला नाही.

“हा नियम कुणी घातला?” साहेबांनी विचारले.

“मी,” बाई म्हणाल्या.

“कशासाठी?”

“कुणाचा हात सुटू नये म्हणून.”

“बाई, ही सिस्टिम आहे. बालवाडी नाही.”

“म्हणूनच. बालवाडीत मुलं रडून तरी सांगतात, मी मागे राहिलो म्हणून.”

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “हे बघा, पाय बदलतो. माणूस बारीक होतो, जाड होतो. आठ वर्षांपूर्वीचं माप आज कुणाला बसणार आहे? सांगा मला.”

“माप नाही बसणार. पण कुठे टोचलं होतं, कशाने पुरळ आलं होतं, काय केल्यावर तो पहिल्यांदा न अडखळता चालला, ते जुनं होत नाही. आणि साहेब, साचे आपण फोडतो. साचा फोडताना माणसाचा चेहरा बघितलाय कधी? मी प्रत्येकाला सांगते, साचा गेला तरी तुम्ही आमच्याकडे आहात. आता काय सांगू? सांगितलं ते खोटं होतं?”

व्हरांड्यात कोणी खोकले. साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

“चारपर्यंत वेळ देतो,” ते उठत म्हणाले. “या यादीतले लोक खरंच अजून आपले आहेत, असं दाखवा मला. नाहीतर मी काढणार. त्या बाकावर बसलेल्या माणसाला पाय हवाय. तुमच्या आठवणी नकोत.”

आणि हे शेवटचे वाक्य काही अगदीच चूक नव्हते. म्हणून ते लागले.

बाईंनी माझ्यासमोर खुर्ची ओढली. भट्टीवाले काका हात पुसत आले. बाई क्रमांक सांगत, काका फोन लावत आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवत. साहेब आपल्या खोलीत होते. दार मात्र उघडे होते.

पहिलाच फोन एका गवंड्याला लागला.

“कोण? पायवाले? अहो, मी छपरावर आहे!”

“छपरावर?” काका ओरडले. “आणि पाय कसा आहे?”

“तो पण छपरावरच आहे, माझ्याबरोबर! ठेवतो आता, हातात कौल आहे.”

दुसरा फोन एका बाईंनी उचलला. मागे पाण्याचा आणि मुलांचा कालवा चालू होता. त्या पोहायला शिकवत होत्या.

“पाय काढून काठावर ठेवते मी. पोरांना सांगितलंय, मी पाण्यात असले तरी माझा पाय इथून तुमच्यावर लक्ष ठेवून आहे. एकजणही मस्ती करत नाही.”

तिसरा एक आजोबा. ते आधी रागावलेच.

“आठ वर्षं आलो नाही म्हणून विचारताय? दुखलं नाही म्हणून आलो नाही! दुखलं असतं तर पहाटे दारात उभा राहिलो असतो. की आता नुसतं तोंड दाखवायला यायचं?”

काकांनी फोन ठेवला आणि बाईंकडे पाहिले. जो येत नाही तो गेला, असे साहेबांना वाटत होते. जो येत नाही तो चालतो आहे, असे फोनमधून ऐकू येत होते. आमचे काम ज्यांच्या बाबतीत सगळ्यात चांगले झाले, नेमके तेच लोक त्या यादीत सगळ्यात वर होते. एखाद्या घराने आपल्या सुखी लेकींची नावे तेवढी पुसावीत, असा तो न्याय होता.

सगळेच फोन गोड लागले असे नाही. एक क्रमांक कोणा दुकानदाराचा निघाला. त्याने काकांना चांगलेच सुनावले. एका माणसाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “माझं नाव काढून टाका. मला ते दिवस आठवायचे नाहीत.” बाईंनी विचारले, “नक्की?” तो म्हणाला, “नक्की.” बाईंनी आधी त्याच्या एकेका भेटीचा हात सोडवला, मग त्याची नोंद काढली. मी एका शब्दाने अडवले नाही. माणूस आपणहून निघाला तर मी दार उघडून धरतो. दुसरा कोणी त्याला ढकलू लागला तर मी कडी लावतो. माझ्या हट्टाची ही मर्यादा आहे, आणि तीही मला मान्य आहे. त्याने रिकामी केलेली चिमूटभर जागा मात्र चारच्या आतच पुन्हा भरली, कशाने ते कोणी पाहिले नाही.

मग एक फोन लागला तो उचलणाऱ्या बाईंचा आवाज थकलेला होता.

“ते गेले हो. मागच्या वर्षीच गेले.”

काका चाचरले. “माफ करा, वहिनी. मग... आम्ही त्यांचं नाव काढून घेतो.”

“नाव आहे तुमच्याकडे? काय काय लिहिलंय?”

बाईंनी माझ्यातून वाचून दाखवले. पहिली भेट, बोलायला तयार नाहीत. तिसरी भेट, दांडे धरून सहा पावले. पुढची, दांडे सोडून. त्यापुढची, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत, शीळ घालत.

पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

“राहू द्या नाव,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे फोटो आहे तो आजारपणातला, खुर्चीतला. तुमच्याकडे ते चालतायत.”

काकांनी गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसले. पंचा भट्टीतला, काजळलेला. तोंड आणखीच काळे झाले. कोणी हसले नाही.

चार वाजले. साहेब दारात येऊन उभे राहिले. त्यांनी सारे ऐकले होते, हे त्यांच्याकडे पाहूनच कळत होते.

“मला दगड समजू नका,” ते म्हणाले. “कळतं मला. पण बाई, या सगळ्यांना पाय आहेत. त्या बाकावरच्याला नाही. आज त्याला परत पाठवलं तर उद्या आणखी दोघं येतील. त्यांना काय सांगू, छपरावरचा गवंडी मजेत आहे?”

बाईंनी बाकावरच्या रंगाऱ्याकडे पाहिले. मित्रांनो, खरे सांगतो, साहेबांचे म्हणणे मलाही पटत होते.

साहेब माझ्यासमोर बसले. दुपारी बाईंनी त्या एका माणसाची नोंद कशी काढली हे त्यांनी पाहिले होते. आधी भेटी सोडवायच्या, मग माणूस निघतो. म्हणजे माझा नियम मोडायची गरज नव्हती, त्याला वळसा घालता येत होता. त्यांनी यादीतल्या सर्वांच्या सगळ्या भेटी एकदम निवडल्या. गवंड्याच्या, पोहणाऱ्या बाईंच्या, शीळ घालणाऱ्या त्या माणसाच्या. बाईंनी मान फिरवली.

मला हात नाहीत. मला आवाज नाही. माझ्याजवळ शेवटी एकच गोष्ट उरते. पुसण्याआधी एक प्रश्न विचारायचा. तो प्रश्न मी हजारदा विचारला असेन, आणि हजारदा लोकांनी तो न वाचता दाबून टाकला असेल. पण त्या दिवशी मी तो सगळ्या बळाने विचारला.

‘५,१४० नोंदी कायमच्या काढल्या जातील. खात्री आहे का?’

साहेबांचे बोट खाली आले, आणि थांबले.

“पाच हजार?” ते म्हणाले. “एवढ्याच?”

“एवढ्याच म्हणजे?” बाई वळल्या.

“लाखातल्या पाचच हजार? आपल्याकडे एकूण माणसं किती आहेत?”

बाईंनी माझ्याकडून काढून घेतले. “चार हजारांच्या आसपास.”

“आणि सगळ्या भेटी?”

“सव्वीस हजार.”

“म्हणजे झाले तीस.” साहेबांनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. “मग उरलेले सत्तर हजार कोण आहेत?”

वर्षानुवर्षे सगळ्यांनी मला ‘किती’ विचारले होते. ‘काय’ असे त्या दिवशी पहिल्यांदा विचारले गेले. आणि ते विचारले कात्रीनेच, याचे श्रेय मी त्यांना मोकळ्या मनाने देतो.

काका एकाएकी फार लक्ष देऊन आपली नखे पाहू लागले.

बाईंनी तिसरी खोली उघडली. पडद्यावर ओळी धावू लागल्या. भट्टी गरम. भट्टी गरम. मग भट्टी बंद. भट्टी बंद. भट्टी बंद. कार्यशाळेला कुलूप असताना बंद. सुटीच्या दिवशी बंद. भट्टी दुरुस्तीला बाहेर गेली होती, तेव्हा तर तापमापक नुसत्या रिकाम्या कोपऱ्याचे तापमान पाठवत बसला होता, पाव-पाव तासाने, इमानेइतबारे. बाई रोज माणसांच्या खोलीत वावरत, काका आपली रेघ पाहत, साहेब एकूण आकडा पाहत. तिन्ही खोल्या मिळून घर एकच आहे, हे कोणाच्या ध्यानात राहिले नव्हते.

साहेब हसू लागले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिले.

“काका, तुमची भट्टी बंद असताना पण बोलते?”

“माझी भट्टी आहे साहेब,” काका पुटपुटले. “गप्प कशी बसेल?”

“आमच्याकडे पण एक आहे तशी,” बाकावरून रंगारी म्हणाला, आणि त्याला बहुधा कोपर बसले, कारण पुढचे वाक्य अर्ध्यातच राहिले.

मग साहेब म्हणाले, “काढा सगळं.” आणि काका एकदम ताठ झाले.

“सगळं नाही! कुणाचा पत्रा उद्या तडकला, तर तो ज्या दिवशी ओढला त्या दिवशी भट्टी किती तापली होती, ते कुठे बघायचं? ती रेघ नुसती मिरवायला नाही लावली मी.”

“नुसती मिरवायला नाही,” बाई म्हणाल्या. “काका बरोबर बोलतायत.”

मग तिघे माझ्यासमोर दाटीने बसले, आणि मला इतकी वर्षे हवी होती ती गोष्ट झाली. माझा विचार झाला. भट्टीची सारी मापे आधी एका साध्या फाइलमध्ये उतरवून घ्यायची. ती फाइल दोन ठिकाणी ठेवायची. बाईंनी बजावले, ती उघडून, वाचून बघितल्याशिवाय एक ओळही पुसायची नाही. मग माझ्यात भट्टीची रोज एकच नोंद राहील, सगळ्यात जास्त किती तापली, सगळ्यात कमी किती, पत्रे किती ओढले. आणि भट्टी थंड असेल तेव्हा तापमापकाने तोंड मिटून बसायचे. काकांनी आपली रेघ फाइलीतून पुन्हा काढून पाहिली. तशीच सरळ होती. तेव्हा कुठे ते “हं” म्हणाले.

त्या नोंदी मी सोडल्या. थोड्या थोड्या करून, हजारांच्या घोळक्याने त्या निघून गेल्या. मी कुरकुरलो नाही. त्यांच्या हातात कोणाचा हात नव्हता.

बाईंनी रंगाऱ्याला परत खुर्चीत बोलावले, सकाळचा मजकूर पुन्हा भरला आणि ‘ठेवा’वर बोट दाबले. मी त्याला क्रमांक दिला. त्याच्या बायकोने पिशवी खाली ठेवली आणि पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. “लिहा की,” ती बाईंना म्हणाली, “यांना शिडी चढायचीय. आणि उतरायचीय सुद्धा. नाहीतर वरच बसतील.” बाईंनी तसेच लिहिले. थोड्या वेळाने प्लास्टरच्या खोलीतून पट्ट्या भिजवल्याचा आवाज आला, आणि काकांनी खिळा मागितल्याचा.

बाई साहेबांना म्हणाल्या, “तो नियम काढायचा का?”

साहेब दारापर्यंत गेले होते. “राहू दे,” ते न वळता म्हणाले. “माझ्यासारखे आणखी येतील.”

मित्रांनो, तसे ते येतीलच. मी अमर नाही. हल्ली माझ्या बदल्यात नवी, चकचकीत सिस्टिम घेण्याची बोलणी चालू आहेत, ती माझ्या कानावर येतात. येऊ दे तिला. मी माझ्या नोंदी तिच्या ओटीत एकेक करून घालीन, मोजून घे म्हणेन, आणि जाईन. पण जाईपर्यंत माझे सांगणे हेच राहील. तुमच्या घरात, तुमच्या कामात, तुमच्या मनातही कधी ना कधी जागा संपेल. संपणारच. तेव्हा ‘कोणाला काढू’ असे आधी विचारू नका. आधी विचारा, की हे भरले कशाने? उत्तर ऐकून तुम्हाला बहुतेक हसूच येईल. आणि पुसायची वेळ आलीच तर प्रत ठेवा, ती उघडून बघा, आणि जो प्रश्न तुम्हाला विचारला जातो तो वाचल्याशिवाय दाबू नका.

देवाच्या दारी प्रत्येकाची नोंद आहे, असे म्हणतात. असेलच. त्याला कसली मर्यादा नाही. पण ज्याला मर्यादा आहे अशानेही कोणाला तरी धरून ठेवावे, यासाठीच त्याने आम्हाला इथे ठेवले असेल, असे मला वाटते. माझ्या घरात माणसांनी लाख भरू दे. त्या दिवशी मी ताठ मानेने लाल पट्टी दाखवीन आणि मोठे घर मागीन. पण भट्टी बंद आहे एवढे सांगण्यासाठी, शीळ घालत चालणारा एकही माणूस मी देणार नाही. कितीही वेळा दाबा.